झोप लागत न्हाई, वहिनी

पहाटे चार

आत्या उठून बसल्याची चाहूल लागते. घड्याळ बघावं लागत नाही, चार वाजत आलेले असतात. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरता सरता, तीन वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आमचं गाव सास्तूरच्या बाजूचं, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं. लातूर आणि आमचा जिल्हा मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा तिशीत होत्या.

त्या रात्रीबद्दल त्या बोलत नाहीत. "भीती वाटते" हे शब्द लग्नाला 18 वर्षं झाली तरी मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाहीत. "स्लॅबखाली मला गरम हुतंय," एवढंच म्हणतात आणि ऐन थंडीतही पत्र्याच्या ओसरीत अंथरूण टाकतात. नवी होते तेव्हा मी म्हणायचे, "झोपा की आत्या, अजून रात्र आहे." आता म्हणत नाही. उठून चहा टाकते. दोघी उंबऱ्यावर बसून पितो, तोवर फटफटतं.

सकाळी नऊ

स्वयंपाक, डबे, पाणी उरकून पिशवी घेऊन निघाले. मी गावची आशा स्वयंसेविका. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा आणि ती त्याच गावात राहणारी, असा नियम आहे. म्हणजे मी ज्यांच्या घरी जाते ते सगळे माझे दीर, जावा, सासरे, नणंदा. नात्यामुळे दार लगेच उघडतं आणि नात्यामुळेच तोंड उघडत नाही.

पहिली भेट बाळंतिणीची, आज चौदावा दिवस. बाळाचं वजन केलं, ताप पाहिला, बेंबी पाहिली. सगळं ठीक. पोरगी म्हणाली, "ताई, दूध कमी येतंय."

वजन तर चांगलं वाढलेलं. म्हणजे दुखणं दुधाचं नव्हतं. सासू म्हणाली, "नुसती रडत बसती. पोरगं झालंय, वंगाळ काय झालंय हिला?" मी त्या मावशींना म्हटलं, हात धुवायला गरम पाणी करता का? त्या चुलीकडे गेल्या तशी पोरगी माझा पदर धरून हळूच म्हणाली, "बाळाला बघून मला काहीच वाटत न्हाई. मी वाईट हाय का?"

नाही गं बाई. बाळंतपणानंतर कितीतरी जणींचं असं होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाळाला किंवा स्वतःला काही करावं असं मनात येतं का, हेही मी विचारलं. नाही म्हणाली. दोन आठवडे होत आले तरी रडू थांबत नाही, म्हणून उपकेंद्रातल्या सिस्टरला दाखवायचं ठरवलं. मावशींना मी उपदेश केला नाही. काम दिलं. रात्री एकदा पाजून झालं की बाळ तुमच्याकडे, हिला सलग चार तास झोप. उपदेश केला असता तर त्या रुसल्या असत्या. काम दिल्यावर म्हणाल्या, "बरं, तेवढं करते."

अकरा

वरच्या आळीत दुखवट्याचं घर. आलेली बाई दारातूनच गळा काढते, घरच्या बाईच्या गळ्यात पडते, आणि दोघी हेल काढून रडतात. त्या रडण्याला शब्द असतात. गेलेल्यानं काय काय केलं, कुणाला कुणाच्या ओटीत टाकून गेला, सगळं त्यात येतं. शहरातल्या पाहुण्यांना हे दाखवण्यापुरतं वाटतं. मला वाटत नाही. दहा-बारा दिवस रोज कुणी तरी येऊन तुम्हाला रडू देतं, ही मोठी सोय आहे.

पुरुष बाहेर लिंबाखाली. टोप्या, तंबाखू, पावसाच्या गोष्टी. थोरला मुलगा पाच दिवसांपासून खुर्च्या मांडतोय, चहा फिरवतोय. "लई धीराचा हाय गडी," सगळे कौतुक करतात. मला या कौतुकाची धास्ती वाटते. वहीत त्याच्या नावापुढे खूण केली. तेराव्यानंतर मांडव उठला की त्याला गाठायचं.

दुपारी एक

शिवारात गेले. नात्यानं धाकटे दीर, तीन एकराचे धनी. त्यांच्या बायकोनं दोनदा निरोप दिला होता, "भाकरीला हात लावत न्हाईत." सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन शेंगेतच काळं पडलं. 2025-26 ला हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, पण डागी मालाला तो कोण देतो? काढणीचं गुत्तंही अंगावर पडलेलं.

भावजी बनीमीच्या सावलीला बसले होते. मला बघून म्हणाले, "वहिनी, झोपेची गोळी हाय का तुमच्याकडं?"

मी बांधावर टेकले. पोटात आग पडते, डोकं सुन्न होतं, छातीत धडधडतं, असं सगळं शरीराचं सांगून झालं. 2015 ला सरकारनं मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला, तेव्हापासून घरोघर जाऊन शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करणं आम्हा आशांकडे आलं. सुरुवातीला मी सरळ विचारायचे, "उदास वाटतं का? निराश वाटतं का?" सगळे नाही म्हणायचे. खोटं बोलत नव्हते. ते शब्दच त्यांचे नव्हते. आमच्याकडे करमत नाही, जीव लागत नाही, जिवाला घोर लागतो, काळीज जाग्यावर राहत नाही. पुरुष तर तेही म्हणत नाहीत. ते झोपेची गोळी मागतात.

"भावजी, जिवाला घोर लागलाय का?"

ते हातातली शेंग नखानं उकलत होते. काळा दाणा बाहेर काढला, तळहातावर फिरवला, टाकून दिला. दुसरी शेंग घेतली. मी गप्प बसले. पूर्वी मला हे जमायचं नाही, मी लगेच म्हणायचे, "होईल सगळं नीट, लेकरांकडं बघा." माणूस तिथंच बंद व्हायचा. पाच-सहा शेंगा झाल्यावर ते म्हणाले, "रातच्याला लई इचार येत्यात."

मग मी तो प्रश्न विचारला. "जीव द्यावा असं येतं का मनात?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. तसं नसतं, हे प्रशिक्षणात कळलं आणि शिवारात पटलं. विचारलं की माणसाच्या खांद्यावरचं ओझं थोडं खाली येतं. भावजींनी माझ्याकडे न बघता मान हलवली. होकाराची.

आमच्या बोलीत दवाखान्यातलं तेही औषध आणि फवारायचं तेही औषध. "अमक्यानं औषध घेतलं" असं कुणी घाबऱ्या आवाजात म्हणालं, तर गाव समजून जातं. म्हणून माझं पुढचं काम समजूत घालणं नव्हतं. फवारणीचं उरलेलं औषध कुठं आहे, हे शोधणं होतं. गोठ्याच्या आढ्याला होतं. जाऊबाईंना बोलावून त्यांच्यासमोरच ठरलं, आजच्या आज ते जाऊबाईंच्या भावाकडे जाईल, कुलपात. जीव द्यायची लाट बऱ्याचदा काही तासांची असते, तेवढ्यात हाताला काही लागू नये. श्रीलंकेनं जास्त विषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटलं.

तीन

जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशकांशी फोनवर बोलले. उद्या सकाळच्या एसटीनं भावजी, जाऊबाई आणि मी जाणार. आज रात्री भावजींना एकटं झोपू द्यायचं नाही, त्यांचा भाऊ सोबतीला. गावात सांगायचं, बीपी दाखवायला चाललोय. हे खोटं मी आनंदानं बोलते.

संध्याकाळी सात

मंगळवार. देवीच्या देवळात आरती. आमचा जिल्हा तुळजाभवानीचा, अंगात येणं इथं नवं नाही. आज दुसऱ्या एका जावेच्या अंगात आलं. केस मोकळे, घुमणं, आणि नवऱ्याचं नाव घेऊन, "हिला उपाशी ठेवतोस?" एरवी जिला चहालाही कुणी विचारत नाही, तिच्या पायावर सगळ्यांनी पाणी घातलं. नवऱ्यानं नाक घासलं. मी यात खरंखोटं करायला जात नाही. ती काय म्हणाली ते ऐकते. उद्या परतल्यावर तिच्या घरी जाऊन मीठ-पिठाचे डबे उघडून बघणार आहे.

रात्री साडेनऊ

वही लिहून झाली. भावजींच्या घरी फोन लावला. जाऊबाई म्हणाल्या, "एक भाकर अन् पिठलं खाल्लं. माझ्या भावानं नेलं ते."

ओसरीत आले तर आत्या जाग्याच. "आज लई गप हाईस?" म्हणाल्या आणि अंथरुणावर थोडं सरकून जागा केली. मी पडले. त्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, पुढं काही विचारलं नाही.

तुमच्या घरात, शेजारात कुणाला झोप लागत नाही, जेवण जात नाही, कुणी नुसतं डोकं धरून बसतो असं दिसलं तर त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा. औषधाची बाटली कुठं आहे ते बघा. आणि 14416 हा टेलिमानस या मदतवाहिनीचा नंबर लिहून ठेवा. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं.