गाणे कोणाचे?

हिंदी चित्रपटगीत ही करमणुकीची गोष्ट. तिच्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास आम्ही त्यांना दोष देणार नाही. परंतु जी गोष्ट नव्वदांहून अधिक वर्षे घराघरांत गुणगुणली जात आहे आणि जिने पंजाबी, बंगाली, मराठी, गोमंतकीय, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती व पारशी अशा सर्वांना एका कामाला लावले, तिचा थोडा विचार करणे सुजाण नागरिकाला कमीपणाचे नाही. आज आपण एकच प्रश्न घेऊ. चार माणसे एकत्र बसून जुनी गाणी ऐकतात, त्यांवर बोलतात, वाद घालतात. या बोलण्याचा उपयोग काय?

आमचे उत्तर असे की, या बोलण्यामुळेच गाणे आणि गाण्यामागची माणसे शिल्लक राहतात. हे थोडे विस्ताराने पाहू.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला. हा आपला पहिला बोलपट. त्यात सात गाणी होती. त्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत आणि पुढे चित्रपटाची प्रतही नाहीशी झाली. म्हणजे ज्या गाण्यांनी या साऱ्या परंपरेचा आरंभ झाला, ती आज कोणालाही ऐकता येत नाहीत. गाणे लोकप्रिय झाले म्हणजे ते टिकेलच, असा भरवसा धरता येत नाही, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा धडा नावांचा. आरंभी नट-नटी स्वतःच गात. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूप छांव’पासून पार्श्वगायन रूढ होऊ लागले, पडद्यावर एकाने ओठ हलवायचे आणि पडद्यामागे दुसऱ्याने गायचे. सोय झाली खरी. पण गाणारा दृष्टीआड गेला. १९४९ सालचा ‘महल’ घ्या. खेमचंद प्रकाश यांच्या चालीवर लता मंगेशकरांनी त्यात जे गीत गायिले, ते देशभर गाजले. पण ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव काय छापलेले होते? ‘कामिनी’! हे चित्रपटात मधुबालाने केलेल्या भूमिकेचे नाव. श्रोत्यांनी ही गायिका कोण, अशी पत्रे आकाशवाणीला लिहिली. तेव्हा कंपनीकडे विचारणा होऊन खरे नाव जाहीर झाले. हे श्रेय ऐकणाऱ्यांचे आहे, हे विसरता कामा नये. त्या गीताचे कवी नक्शब जारचवी. त्यांचे नाव मात्र आजही दहांतल्या एखाद्यालाच सांगता येईल.

फिल्मफेअर पारितोषिके १९५४ साली सुरू झाली, तेव्हा संगीत दिग्दर्शकाला पारितोषिक होते. कवीला व गायकाला नव्हते. याच कारणाने लताबाईंनी एका समारंभात गाण्यास नकार दिला होता. १९५९ च्या समारंभापासून ही दोन्ही पारितोषिके सुरू झाली. पहिली ‘मधुमती’साठी लताबाईंना व ‘यहुदी’साठी शैलेंद्रांना मिळाली.

आता गाण्याचा प्रसार कसा झाला ते पाहू. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना मोठा अभिमान आणि चित्रपटगीतांविषयी तितकीच नाराजी. आकाशवाणीने या गीतांचा वेळ कमी केला. चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, म्हणून तेही बंद केले. निर्मात्यांनी मग परवाने काढून घेतले आणि आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ नाहीशीच झाली. पण श्रोता गप्प बसला नाही. त्याने रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिलोन रेडिओवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि टपालाने पत्रांचे ढीग येऊ लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. केसकरांचा शास्त्रीय संगीताचा आग्रह अगदीच चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु लोकांची आवड हुकुमाने बदलत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले. तेव्हाच्या बिहारातील, आताच्या झारखंडातील, अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले झुमरीतलैया हे गाव तर केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळे देशाला माहीत झाले. पोस्टकार्डावर आपले व मित्रांचे नाव घालून गाणे मागवायचे, म्हणजे ते गाणे हजारो अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायचे.

गाणे वाटून घेतले, की बोलणे आलेच. या बोलण्याला थोडी शिस्त असावी, असे आम्हांला वाटते. शब्द कोणाचे, चाल कोणाची, आवाज कोणाचा आणि वाद्यमेळ कोणाचा, हे चार प्रश्न प्रत्येक गाण्याला विचारावे.

‘बैजू बावरा’ (१९५२) मधील मालकंसातले भजन घ्या. शब्द शकील बदायुनी यांचे, चाल नौशाद यांची, आवाज महंमद रफी यांचा. तिघेही मुसलमान आणि गीत हरिदर्शनाच्या तळमळीचे! त्याच चित्रपटात आपल्या नाशिकचे द. वि. पलुसकर आणि उस्ताद अमीर खाँ यांची जुगलबंदी आहे. ‘हम दोनो’ (१९६१) मधील भजने साहिर लुधियानवींची. चाली जयदेव यांच्या. ही गीते हिंदी की उर्दू, असा वाद घालणाऱ्यांनी या नावांकडे एकदा पाहावे. शैलेंद्र, प्रदीप, भरत व्यास एका बाजूला आणि साहिर, मजरूह, शकील दुसऱ्या बाजूला, अशी भिंत आपण घालतो. गाण्यात ती नाही.

तथापि, उर्दू शब्दांकडे मराठी श्रोत्याने थोडे लक्ष द्यायला हवे. आपल्या लिपीत आपण नुक्ता देत नाही. त्यामुळे ‘राज’ म्हणजे राज्य आणि ‘राज़’ म्हणजे गुपित, हे दोन्ही आपण सारखेच लिहितो. ‘जलील’ म्हणजे थोर आणि ‘ज़लील’ म्हणजे नीच. एका टिंबाने थोराचा नीच होतो! गझलेची रचनाही समजून घ्यावी. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींच्या शेवटी तोच शब्द किंवा तेच शब्द येतात, तो रदीफ. त्याच्या आधी जुळणारे यमक, तो काफिया. पुढच्या प्रत्येक शेरात ही बांधणी दुसऱ्या ओळीत पाळतात. अर्थाने मात्र प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. ‘अनपढ’ (१९६२) मधील राजा मेहदी अली खाँ यांच्या गझला मदनमोहनांच्या चालीत ऐकताना एवढे ध्यानात ठेवले, तरी ऐकण्याची गोडी दुप्पट होते.

आवाजाविषयी एक गंमत. जुन्या गाण्यांत गायक म्हणून ‘चितळकर’ आणि संगीतकार म्हणून ‘सी. रामचंद्र’ अशी नावे दिसतात. ही दोन माणसे नव्हेत. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर हेच ते दोघे.

चौथा प्रश्न सर्वांत उपेक्षित. याच रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी कित्येक संगीतकारांसाठी वाद्यमेळ बांधले. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या चालींना व्हायोलिनांचे भरघोस अंग दिले. चाल तोंडी सांगितली जाई. पन्नास-साठ वादकांनी नेमके काय वाजवायचे, ते हे लोक स्वरलिपीत लिहून देत. श्रेयनामावलीत त्यांना जागा मिळे ती ‘साहाय्यक’ म्हणून. कित्येकदा तीही नाही. प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे व्हायोलिनचे शिष्य. १९७७ च्या एका लोकप्रिय विनोदी गीतात गुरूंचे नाव आले, तेव्हा कुठे ते लोकांच्या कानांवर पडले. तेही माणूस म्हणून नव्हे, पात्र म्हणून!

या गाण्यांना सीमाही अडवीत नाहीत. ‘अनमोल घडी’ (१९४६) चे संगीतकार नौशाद आणि गायिका सुरैया मुंबईत राहिले. नूरजहाँ आणि कवी तन्वीर नक्वी फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. माणसांची वाटणी झाली. त्या गाण्यांची वाटणी कोणालाही करता आली नाही.

हे सारे कोणी जपले? मोठ्या संस्थांनी थोडे जपले, बरेचसे ऐकणाऱ्यांनी. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी १९३१ ते १९८० या काळातील हिंदी चित्रपटगीतांची सूची पाच खंडांत सिद्ध केली. प्रत्येक चित्रपटाची गाणी, गायक, कवी, संगीतकार आणि ध्वनिमुद्रिकांचे क्रमांकसुद्धा त्यांत आहेत. देशभरच्या रसिकांनी आपापल्या पेट्यांतल्या जुन्या तबकड्या काढून पाहिल्या, पत्रे लिहिली, तेव्हा हे काम उभे राहिले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची; त्यामुळे चित्रपटातले एखादे कडवे तबकडीवर नसे. असे गळालेले कडवेही रसिकांनीच हुडकले.

आज गाणे मिळणे अत्यंत सोपे झाले आहे. खिशातल्या मोबाइलवर हवे ते गाणे वाजते आणि क्षणात दहा मित्रांना पाठवता येते. याचा आम्हांला आनंदच आहे. पण बहुधा त्याबरोबर कवीचे नाव जात नाही, संगीतकाराचे जात नाही. कधी तर दुसऱ्याचेच नाव जाते. ‘कामिनी’चा काळ अशा रीतीने पुन्हा येऊ पाहत आहे. फरक इतकाच, की तेव्हा नाव कंपनीने गाळले होते, आता आपण गाळतो.

जुने तेवढे सोने, असे आमचे म्हणणे नाही. त्या काळातही सामान्य गाणी पुष्कळ निघाली. चर्चेचा हेतू आपल्या आवडीचा झेंडा मिरवणे हा नसावा. तरुण मुलगा विचारील, या गाण्यात चांगले काय आहे. तर ‘आमच्या वेळी’ असे न म्हणता त्याला शब्दाचा अर्थ सांगावा, चालीतली खुबी दाखवावी, मागे वाजणाऱ्या व्हायोलिनांकडे त्याचा कान वळवावा. आणि गाणे दुसऱ्याला देताना कवी, संगीतकार, गायक ही तीन नावे तरी बरोबर द्यावीत. वाद्यमेळ बांधणाऱ्याचे ठाऊक असेल तर चौथे. त्याला खर्च येत नाही. ज्यांच्या श्रमावर आपण इतकी वर्षे आनंद लुटला, त्यांचे नाव घेणे हे ऋण फेडणे नव्हे. पण ऋण मान्य करणे तरी निश्चित आहे.