फवारणी पंपाची बॅटरी : अडल्या वेळचा चार्जर

अकलूज परिसरातील आमच्या वस्त्यांना पावसाळ्यातला अंधार नवा नाही. वारा सुटला, तार तुटली की वीज गेलीच! पूर्वी कंदील लावून रात्र काढता येत असे. आता विजेपाठोपाठ मोबाईलही बंद पडतो. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते; पण तो क्रमांक फिरवायला फोन तर चालू हवा!

अशाच एका रात्री आमच्या शेजारच्या लेकीला कळा सुरू झाल्या. वस्तीत दहा-बारा फोन, पण दोन दिवस वीज नसल्याने चालू एकही नाही. शेवटी एका पोराने सायकल काढून चिखलातून जीप आणली. लेक सुखरूप बाळंत झाली. पण आम्हांला झोप आली नाही. कारण त्याच घराच्या कोपऱ्यात बॅटरीवरचा फवारणी पंप उभा होता. फोन चालू करण्याइतकी वीज घरातच होती, ती घ्यायची कशी हे आम्हांला ठाऊक नव्हते.

पाठीवरच्या अशा पंपात बहुधा 12 व्होल्टची, 8 अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी असते. फोनला लागतात 5 व्होल्ट. त्यामुळे बॅटरीची तार फोनला थेट लावली तर फोन जळेल. मध्ये गाडीत वापरतात तो कार चार्जर हवा. तो 12 चे 5 व्होल्ट करतो. पूर्वी हौशी मंडळी यासाठी 7805 नावाची आयसी लावीत. ती वरचे 7 व्होल्ट नुसते उष्णतेत घालवते, म्हणजे निम्म्याहून अधिक वीज वाया! कार चार्जरमध्ये ही नासाडी फार कमी होते.

साहित्य : पंपाची बॅटरी, 5 व्होल्ट 2 अँपिअरचा साधा कार चार्जर, तो बसेल असा दोन तारांचा सॉकेट, 3 अँपिअरचा फ्यूज त्याच्या होल्डरसह, दोन चिमटे आणि चिकटपट्टी.

कृती : सॉकेटच्या लाल तारेत, बॅटरीच्या जवळ, फ्यूज जोडावा. लाल तार बॅटरीच्या अधिक टोकाला व काळी उणे टोकाला चिमट्याने लावावी. उघडे सांधे चिकटपट्टीने झाकावेत. मग सॉकेटमध्ये चार्जर खोचून फोन लावावा. फ्यूज गाळू नये. तारा एकमेकींना चिकटल्या तर आग तोच थोपवतो.

आता हिशेब पाहू. 12 गुणिले 8 म्हणजे 96 वॅट-तास. शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून 48 च धरा. 5000 एमएएचच्या मोठ्या फोनला तूटफूट धरून सुमारे 25 लागतात. म्हणजे मोठा फोन जेमतेम दोनदा भरेल. बटणांचा साधा फोन मात्र आठ-नऊ वेळा. म्हणून अडचणीच्या रात्री साधा फोन आधी लावावा. त्या रात्री सिनेमा-गाणी बंद!

काही गोष्टी माता-भगिनींनी ध्यानात ठेवाव्यात. पंपाला औषधाचे विष लागलेले असते. बॅटरी बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसावी, हात साबणाने धुवावेत आणि मगच फोनला हात लावावा. तोच फोन पुढे लेकरू कानाला लावते. बॅटरी तिच्याच चार्जरने, मोकळ्या हवेत, चुलीपासून दूर भरावी, कारण भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघू शकतो. भंगारातले लिथियमचे सेल जोडून असा चार्जर कोणी करू नये. ते तापून भडकतात.

उसाच्या फडाशेजारी कोप्यांत राहणाऱ्या तोडणी कामगारांना तर वीज बहुधा नसतेच. त्यांनाही ही जोडणी दाखवावी.

आमचे सांगणे एवढेच की, प्रत्येक वस्तीत असा एक चार्जर असावा. एखाद्या जाणत्या तरुणाने तो सांभाळावा, ढग भरून आले की बॅटरी आधीच भरून ठेवावी आणि ज्या घरी आजारी माणूस किंवा गरोदर लेक-सून असेल, त्या घरचा फोन सर्वांत आधी लावावा.