सप्लायर म्हणाला, "चला, सीफूड खायला!" आता तुम्ही काय कराल?

ग्वांगझूच्या कँटन फेअरला जायचं ठरलं की आपण व्हिसा, व्हिजिटिंग कार्ड, सॅम्पलची यादी अशी सगळी तयारी करतो. राहते ती संध्याकाळच्या जेवणाची तयारी. १९५७ पासून भरणारं हे प्रदर्शन वर्षातून दोनदा असतं, वसंतात आणि शरदात. दिवसभर स्टॉलवर बोलणी झाली की सप्लायर तुम्हाला सीफूड खायला नेतो. तिथे परदेशी पाहुणे तुम्ही! जागा साधीच असते: दारात जिवंत माशांच्या टाक्या, आत गोल टेबलं आणि भरपूर गोंगाट.

१. टाकीसमोर नीट बघा

मासा, कोळंबी, खेकडा टाकीतूनच निवडायचा. दर असतो 'जिन'चा, म्हणजे ५०० ग्रॅमचा. आपल्या डोक्यात किलो असतो, म्हणून आकडा स्वस्त वाटतो. तो दुप्पट करून बघा! बाजारातून मासा घेऊन शेजारच्या हॉटेलात शिजवायला दिला, तर शिजवणावळ वेगळी लागते.

दर, वजन आणि कसं बनवायचं, या तिन्ही गोष्टी मासा शिजायला जाण्याआधी ठरतात. तुमची ऑर्डरही तशीच द्या. दर, नग आणि पॅकिंग आधी ठरवा, मग माल बनू दे.

२. टेबलावर

हळद नाही, कोकम नाही, तिरफळ नाही. अख्खा मासा वाफवून वर आलं, कांद्याची पात, सोया सॉस आणि गरम तेल. कोळंबी नुसती उकडलेली. "किती फिकं!" म्हणून नाक मुरडू नका. मासा ताजा आहे हे दाखवायचीच ती पद्धत आहे.

जेवणाआधी मंडळी गरम चहाने वाट्या-कप विसळतात. तो चहा प्यायचा नाही. कोणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करा, झाले आभार! माशाचं तोंड तुमच्याकडे केलं असेल तर तो पाहुण्याचा मान आहे. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका, मृतांपुढच्या उदबत्तीसारखं दिसतं ते. ग्लासला ग्लास लावताना मोठ्या माणसाच्या ग्लासपेक्षा आपला जरा खाली धरा. दारू घेत नसाल तर चहाचा कपही चालतो.

३. खात नसाल ते आधीच सांगा

सोमवार पाळता? डुकराचं मांस चालत नाही? शिंपल्यांची अ‍ॅलर्जी आहे? दुपारीच मेसेज करा. भाजीतसुद्धा ऑयस्टर सॉस असू शकतो. आधी सांगितलं तर यजमान सोय करतो. ताट समोर आल्यावर सांगितलं तर त्याला चारचौघांत अवघडल्यासारखं होतं.

४. पाहुणचार घ्या, करार नको

बोलावलं त्याने, म्हणजे बिल तोच देणार. तुम्ही एकदा हात पुढे करा, हट्ट नको. आपल्याकडचा चिवडा किंवा चांगला चहा भेट म्हणून नेला असेल तर दोन्ही हातांनी द्या.

खरी परीक्षा पुढे आहे. ३० टक्के अ‍ॅडव्हान्स आणि ७० टक्के माल निघण्याआधी, ही तिकडची नेहमीची पद्धत. पोट भरलंय, हसणं-खिदळणं चाललंय, आणि कोणी म्हणालं, "आपण आता मित्र, ५० टक्के आजच पाठवा," तर? हसून सांगा, "उद्या ऑफिसात बसून बोलू." तो पैसा तुमच्या मुद्रा लोनचा आहे, कदाचित घरच्या सोन्यावर काढलेला. दुसऱ्या दिवशी प्रोफॉर्मा इनव्हॉइसवरचं कंपनीचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळवून बघा, मगच पैसे पाठवा. जो सप्लायर खरा आहे, तो यावर रागावत नाही. त्यालाही पुढची ऑर्डर हवीच असते.

आजचं काम: एका कागदावर दोन ओळी लिहा. मी काय खात नाही? आणि किती टक्क्यांच्या वर अ‍ॅडव्हान्स देणार नाही? तो कागद पासपोर्टमध्ये ठेवा. मग बिनधास्त जेवा!