एका युनिटामागचे पाणी

विजेच्या मासिक बिलावर ‘युनिट’ या रकान्यात जो आकडा छापलेला असतो, त्याकडे आपण केवळ रुपयांच्या नजरेने पाहतो. तो आकडा कोणत्या डोंगरातून, कोणत्या नदीतून वा कोणत्या खाणीतून आपल्या उंबरठ्यापर्यंत आला, याची विचारपूस करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. हवामानबदलाच्या वार्ता नित्याच्या झालेल्या या काळात ती विचारपूस करावयाची, तर पुणे जिल्ह्यातील मुळशीइतके उचित ठिकाण मला दुसरे दिसत नाही. कारण कोळसा न जाळता वीज निर्माण करण्याच्या आपल्या देशातील आरंभीच्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक येथे झाला, आणि त्या विजेची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्नही शंभर वर्षांपूर्वी येथेच सत्याग्रहाच्या रूपाने उभा राहिला.

मुळा आणि नीळा या नद्यांच्या संगमाजवळ बांध घालून अडविलेले मुळशीचे पाणी, एरवी जे पूर्वेकडे वाहत भीमेला मिळाले असते, ते बोगद्यातून पश्चिमेस वळविले जाते, सह्याद्रीच्या कड्यावरून पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिरा येथे उतरते, आणि तेथील जनित्रे फिरवून कुंडलिका नदीत जाते. १९१९ साली स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीचे हे वीजगृह १९२७ मध्ये चालू झाले. आता थोडा हिशेब करू. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून खाली आले म्हणजे, यंत्रांतील घट वजा जाता, त्यातून सव्वा युनिटाहून किंचित कमी वीज हाती येते. अर्थात एका युनिटास साडेआठशे लिटरांच्या आसपास पाणी खर्ची पडते. गच्चीवरची हजार लिटरांची टाकी जवळजवळ रिकामी करावी, तेव्हा कोठे बिलावरचा तो आकडा एकाने पुढे सरकतो.

हे पाणी साठविण्यासाठी मुळशी पेट्यातील ५२ गावांच्या आणि सुमारे ११,००० माणसांच्या जमिनींवर, १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन, सरकारने कंपनीसाठी हात घातला. त्या जमिनी म्हणजे काय होत्या, हे सपाटीवर राहणाऱ्याने समजून घेतले पाहिजे. मावळातील भातखाचर निसर्गाने तयार दिलेले नसते. उतारावर दगडांच्या ताली रचून, बांधबंदिस्ती करून, वाहून जाणारी माती पावसाळ्यामागून पावसाळे अडवून, कित्येक पिढ्यांनी ते हाताने सपाट केलेले असते. पावसापूर्वी पालापाचोळा, कवळ आणि शेण पसरून राब भाजावयाचा, त्या भाजलेल्या मातीत भाताच्या रोपांसाठी दाढ टाकावयाची, आषाढात गुडघाभर चिखलात उभे राहून आवणी करावयाची, आणि मग शिवारभर दरवळणारा आंबेमोहोर पिकावयाचा. असे खाचर मोबदल्याच्या रकमेत दुसरीकडे विकत मिळत नाही; आणि मावळ्यांच्या प्रतिकाराचे मर्म, माझ्या मते, नेमके येथे आहे.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे स्त्रीपुरुष धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुट्यांसारखे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी होते. आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापट याच लढ्यामुळे ‘सेनापती’ म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले. परंतु जमिनीचा बराच हिस्सा गहाणखतांच्या वाटेने पुण्याच्या सावकारांकडे गेलेला होता, आणि ज्याच्या नावे दप्तरी मालकी होती त्याला वाढीव मोबदला पुरेसा वाटत होता. कसणाऱ्याला तो वाटत नव्हता. ही फट चळवळीस अखेरपर्यंत भोवली. लढा तीन वर्षांहून अधिक काळ रेंगाळला, बापटांना पुनःपुन्हा तुरुंगवास भोगावा लागला, शेवटच्या खेपेस सात वर्षांची सजा झाली, आणि धरण पुरे झाले. मोठ्या धरणाविरुद्ध संघटितपणे झालेला जगातील पहिला लढा म्हणून आज अभ्यासक त्याची नोंद घेतात. धरणाच्या काठच्या वस्त्यांतून गावठाणाच्या जागेविषयी आणि साध्या सोयींविषयी जी गाऱ्हाणी अजून ऐकू येतात, त्यांचे मूळही त्याच भूसंपादनात आहे.

म्हणून ही वीज वाईट होती, असे म्हणण्यास मी धजणार नाही. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या ज्या विजेवर चालल्या, तिच्यासाठी धुरांडे पेटवावे लागले नाही. एक युनिट वीज कोळशापासून करावयाची तर सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो आणि किलोभर कर्बवायू आकाशात जातो. भिऱ्याच्या जनित्रांनी जवळजवळ शतकभर तो वाचविला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र जिला आपण आज ‘हरित’ म्हणतो, त्या विजेच्या खात्यातही खर्चाची बाजू असते, आणि ती बहुधा वापरणाऱ्याच्या नावे पडत नाही.

कोळशातून निघणाऱ्या कर्बवायूचा परिणाम मुळशीच्या आभाळात आता दिसू लागला आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते, आणि ते बाष्प घाटमाथ्यास आदळून कोसळते तेव्हा पाऊस अधिक उग्र होतो. जुलै २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात मुळशीतील ताम्हिणी येथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच वेळी पुण्यात सिंहगड रस्त्याकडील वसाहतींत पाणी शिरले. याच जिल्ह्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडले गेले, त्यात १५१ जीव गेले. अशा प्रदेशात बंगल्यांच्या प्लॉटांसाठी डोंगरउतार कापणे हा मला धडधडीत अविचार वाटतो.

आता घरातील गोष्ट. छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो; तेवढाच वारा देणारा नव्या बीएलडीसी मोटारीचा पंखा तीस वॉटांच्या आतबाहेर भागवितो. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे दररोज अर्ध्या युनिटाहून अधिक बचत होते. भिऱ्याच्या मापाने हे चारशेहून अधिक लिटर पाणी झाले. पुण्यातील पंखा भिऱ्याच्याच विजेवर फिरतो असे नाही. महाराष्ट्राची बहुतांश वीज आजही कोळशाची आहे, आणि त्या मापाने ही बचत रोज अर्ध्या किलोच्या घरात कर्बवायूची भरते. छपरावर एक किलोवॉटचे सौर पॅनेल बसविल्यास दिवसाकाठी सरासरी चार युनिटे मिळतात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. आपल्याच छपरावरची ही वीज कोणाचे खाचर बुडवीत नाही.

सूर्य मात्र सायंकाळी मावळतो, आणि नेमकी तेव्हाच विजेची मागणी चढते. यास्तव दिवसा उरलेल्या विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवावयाचे आणि रात्री खाली सोडून वीज घ्यावयाची, ही उदंचन पद्धत आता सर्वत्र हवी झाली आहे. भिरा येथे असा १५० मेगावॉटचा संच पूर्वीच बसलेला आहे. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मावळातील शिरवता येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांसाठी राज्य शासन व टाटा पॉवर यांच्यात करार झाला. हवामान सावरण्याच्या सत्कार्यासाठी सह्याद्रीच्या डोंगरांना पुन्हा मागणी आली आहे, आणि ती येतच राहणार.

मुळशीच्या मावळ्यांच्या वेळी पुनर्वसनाचा कायदा नव्हता. महाराष्ट्रात तो १९७६ साली झाला. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा नवा भूसंपादन कायदा आला, त्याने सामाजिक परिणामांची तपासणी आणि जनसुनावणी यांना स्थान दिले. अशी सुनावणी आजवर बाधित गावांची एकाकी लढाई ठरत आली आहे. शहरातील वीजग्राहकांना माझे सांगणे एवढेच, की आपल्या जिल्ह्यातील पुढच्या सुनावणीची नोटीस वर्तमानपत्रात दिसेल, तेव्हा ती आपल्यासाठीही आहे असे समजून वाचा, आणि त्या दिवशी गावकऱ्यांच्या शेजारी जाऊन बसा.