होडी शाकारताना

जन्मभर खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या लाकडी होडीला खरं भय असतं ते गोड्या पाण्याचं. लाकडात मुरलेलं मीठ बुरशीला मानवत नाही. पावसाचं पाणी मात्र तळात साचून राहिलं, की फळ्यांच्या सांध्यांना कूज लागते. ती वरून दिसत नाही. हंगाम सुरू झाल्यावर, भर समुद्रात दिसते. मे संपता संपता मालवणच्या दांडी किनाऱ्यावर जी लगबग चालते ती या एका भयापोटी.

महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. कारणं दोन: माशांचा विणीचा काळ आणि खवळलेला दर्या. मोठे ट्रॉलर वाळूवर चढत नाहीत, ते खाडीचा आसरा धरतात. हर्णैच्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत जातात त्या याचसाठी. लहान होड्यांना मात्र किनाराच गाठावा लागतो. भरतीच्या वेळी होडी जेवढी वर येईल तेवढी आणायची, मग खाली ओंडके घालत दोरखंडाने ओढायची. मागचा ओंडका मोकळा झाला की कुणीतरी पोरगा तो उचलून पुढे पळतो. माणसं कमी पडली तर हल्ली सरळ जेसीबी बोलावतात. त्यात घाई होते आणि तळाला चरे पडतात, असं जुन्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

होडी जागेवर आली की दोन्ही बाजूंना टेकू. नाळेकडची बाजू थोडी उंच ठेवायची, मागच्या टोकाला तळातलं बूच काढायचं. झाकण कितीही नीट बांधलं तरी पाणी आत येणारच, हे गृहीत धरूनच सगळी मांडणी असते. आलेलं पाणी त्या भोकातून निघून गेलं पाहिजे. काढलेलं बूच होडीत ठेवत नाहीत, घरी नेतात. ऑगस्टमध्ये ते सापडलं नाही तर काय होतं, याचे किस्से प्रत्येक वाड्यात आहेत.

मग तळ खरवडायचा. वर्षभरात चिकटलेल्या शिंपल्या कोरड्या पडायच्या आत काढाव्या लागतात, वाळल्या की फळी सोलून निघते. जुन्या लाकडी होड्यांना पूर्वी मुशीच्या तेलाचा हात देत. तो वास ज्याने घेतला तो विसरत नाही. फायबरच्या होड्यांना त्याची गरज उरली नाही. तरी उन्हापावसात उघड्या टाकल्या, तर त्यांचाही रंग उडतो, चिरा पडतात.

मला सगळ्यात बघण्यासारखं वाटतं ते इंजिनाचं काम. आउटबोर्ड इंजिन होडीवरून उतरवून लाकडी घोडीवर टांगतात, खाली विहिरीच्या पाण्याने भरलेलं पिंप. इंजिन चालू केलं की बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार उडते. ही धार आतल्या नळ्यांतलं मीठ धुऊन काढते. तांडेल मध्येच बोट धारेत धरून जिभेला लावतो. खारट लागेनासं झालं, की तो इंधनाची नळी काढतो, पण इंजिन बंद करत नाही. ते आपलं आपण धापा टाकत विझतं, म्हणजे कार्बोरेटरात थेंब उरत नाही. उरला तर दोन महिन्यांत त्याचा चिकटा होतो. शेवटी ग्रीस, जुनं कापड आणि घराच्या पडवीत उभं करून ठेवणं. आडवं कधी ठेवत नाहीत. जाळीही तोवर गोड्या पाण्यातून काढून, वाळवून माळ्यावर गेलेली असतात. तिथे त्यांचा वैरी उंदीर.

राहतं ते झाकणं. पूर्वी नारळाचे झाप असत, आता ताडपत्री. नवखा माणूस ती होडीवर अंथरतो आणि कडेने आवळून बांधतो. तसं केलं की आत घाम धरतो आणि लाकूड पावसाविनाच ओलं राहतं. म्हणून आधी बांबूचा कणा उभारून त्यावर घराच्या पाख्यांसारखा उतार द्यायचा, आणि दोन्ही टोकं उघडी सोडायची. शेजारी बांबू बांधणारा एक म्हातारा पोराला सांगत होता, ‘‘पाणी इला तरी चलात, वारो खेळाक व्हयो.’’ दोरीची गाठ टेकूला मारत नाहीत. ताडपत्री वाऱ्याने फडफडली की टेकू हलतो आणि होडी कलंडते. दोरी वाळूत पुरलेल्या खुंटाला किंवा माडाला जाते.

पावसाळा काही तारीख बघून येत नाही. २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यालाच आलं, तेव्हा अजून होड्या पाण्यात होत्या. म्हणून ३१ मेपर्यंत चार पैसे जास्त मिळवायचे की आधीच होडी वर घ्यायची, हा हिशेब दर वर्षी नव्याने मांडावा लागतो. झाकायला लागणारी ताडपत्री, दोर, मजुरी हा सगळा खर्चही नेमका कमाई थांबते त्याच वेळी येतो.

पावसाळी पर्यटनाला कोकणात जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: किनाऱ्यावर झाकलेल्या होड्यांवर फोटोसाठी चढू नका आणि आडोशाला बसायला म्हणून ताडपत्रीची दोरी सैल करू नका. तिच्याखाली कुणाचं तरी पुढचं वर्ष असतं.