क्षयाचे जंतू औषधाला का जुमानत नाहीत?

जळकोटकर मंडळी, तुरीवर अळी पडली की आपण फवारणी करतो. दरवर्षी तेच औषध मारलं की काही वर्षांत अळी मरेनाशी होते. आपण म्हणतो, अळीला सवय झाली. खरं तर सवय कुणालाच होत नाही. मुळातच चिवट असलेल्या चार-दोन अळ्या वाचतात आणि पुढची पिढी त्यांची असते. क्षयाच्या जंतूंचंही तसंच आहे.

या जंतूच्या जनुकीय मजकुरात सुमारे ४४ लाख अक्षरं असतात. एका जंतूचे दोन होताना हा मजकूर उतरवला जातो. त्यात क्वचित एखादं अक्षर चुकतं. हेच उत्परिवर्तन. रिफाम्पिसिन हे औषध जंतूच्या आरएनए बनवणाऱ्या विकराला चिकटून ते बंद पाडतं. त्या विकराच्या एका भागाचा आराखडा 'आरपीओबी' जनुकात असतो. तिथं एका ठरावीक जागी 'सी'ऐवजी 'टी' आलं, की प्रथिनात सेरीनच्या जागी ल्यूसीन बसतं. मग औषध नीट चिकटत नाही आणि विकराचं काम चालू राहतं.

रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू साधारण १० कोटींत एक असतो. आयसोनियाझिडला न जुमानणारा १० लाखांत एक. फुफ्फुसात पोकळी पडली की तिथं १० कोटी जंतू सहज असतात. म्हणजे पहिली गोळी घेण्याआधीच एखादा चिवट जंतू आत बसलेला असतो! पण दोन्ही औषधांना पुरून उरणारा? एकावर १४ शून्यांत एक. म्हणून सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांतल्या तिघांना वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांकडून औषधं एकेक करून, अनेकदा चुकीच्या मात्रेत मिळाली होती. दरवेळी एकच नवं औषध, म्हणजे जंतूंना एकेक पायरी चढायला वेळ.

एकांनी विचारलंय, "दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, तर गोळ्या सहा महिने कशाला?"

खोकला थांबला तरी थोडे जंतू मागे असतात. गोळ्या अर्धवट सोडल्या, किंवा कधी एक, कधी दोन घेतल्या, तर त्यातले चिवट वाढतात. तेच खोकल्यातून घरच्या लेकराला गेले, तर आयुष्यात एकही गोळी न घेतलेल्या त्या लेकराचा क्षय पहिल्या दिवसापासून औषधाला न जुमानणारा असतो.