विश्लेषण : नाताळातला ‘मिन्स पाय’ शाकाहारी की मांसाहारी?

डिसेंबरच्या अखेरीस लोणावळा-खंडाळ्यातील हॉटेले, बंगले आणि पवना धरणाच्या परिसरातील तंबू पर्यटकांनी भरतात. चिक्की आणि फजच्या जोडीला नाताळचा प्लम केक इथे सर्वांना परिचित आहे. ब्रिटनमधील नाताळचा मुख्य गोड पदार्थ असलेला ‘मिन्स पाय’ मात्र अनेकांना गोंधळात टाकतो. आपल्याकडे ‘मिन्स’ म्हणजे खिमा. मग हा पदार्थ खिम्याचा आहे का? नसेल, तर तो शाकाहारी म्हणून खाता किंवा विकता येतो का?

मिन्स पाय म्हणजे नेमके काय?

तळहातावर मावेल एवढी, वाटीच्या आकाराची, भाजलेली मैद्याची पारी. आत सुकामेव्याचे गोड सारण आणि वर झाकण. सारणात बेदाणे, मनुका, किसलेले सफरचंद, संत्र्याची पाकवलेली साल, ब्राऊन शुगर, दालचिनी, लवंग, जायफळ आणि थोडी ब्रँडी किंवा रम असते. या सारणालाच ‘मिन्समीट’ म्हणतात. ब्रिटनमध्ये २५ डिसेंबरपासून पुढचे बारा दिवस रोज एक मिन्स पाय खाल्ला तर नवे वर्ष भाग्याचे जाते, अशी जुनी समजूत आहे. मराठी वाचकाला हा पदार्थ सांगायचा, तर ती भट्टीत भाजलेली करंजीच. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळला केल्या जाणाऱ्या नेवऱ्या या त्याच्या आपल्याकडील जवळच्या नातलग.

मग नावात ‘मीट’ का?

कारण पूर्वी त्यात खरोखरच मांस असे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मांस, सुकी फळे आणि पूर्वेकडून येणारे महाग मसाले एकत्र करून मोठे पाय भाजले जात. गर्व्हास मार्कहॅम यांच्या १६१५ मधील पाककृतीत मेंढीचे मांस, चरबी, बेदाणे, खजूर आणि लवंग-जायपत्री एकत्र येतात. पुढे साखर स्वस्त झाली, गोड आणि तिखट-खारट पदार्थांची ताटे वेगळी झाली आणि सारणातील मांस कमी होत गेले. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इझाबेला बीटन यांच्या गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथात मांस घातलेले आणि मांसाविना केलेले, अशी दोन्ही सारणे आहेत. विसाव्या शतकात मांसाविना सारण हेच नेहमीचे झाले. नाव तेवढे जुने राहिले.

मांस नाही, तर अडचण कुठे?

अडचण चरबीची आहे. मांस गेले तरी ‘सूएट’ राहिले. सूएट म्हणजे गाय-बैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. ती लोण्यापेक्षा बऱ्याच अधिक तापमानाला वितळते. त्यामुळे भट्टीत तिचे बारीक कण सावकाश विरघळतात आणि सारण ओलसर व चकचकीत राहते. पारंपरिक मिन्समीटमध्ये ती असतेच. त्यामुळे ‘यात मांस नाही’ हे विधान खरे असूनही पदार्थ शाकाहारी ठरत नाही.

ब्रिटनमध्ये आता पाम तेलापासून केलेले वनस्पतीजन्य सूएटही मिळते आणि बाजारातील अनेक बरण्यांत तेच वापरलेले असते. पण सगळ्यांत नाही. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या बरणीवर नुसते ‘सूएट’ लिहिले असेल, तर ती बैलाची चरबी असण्याची शक्यता मोठी असते. गोमांस असलेल्या पदार्थांच्या आयातीवर भारतात बंदी आहे आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी कायदा लागू आहे. म्हणजे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. अशी बरणी वापरून केलेला पाय दुसऱ्याला खाऊ घालणे हा विश्वासाचा आणि कायद्याचाही मुद्दा ठरतो.

भारतातील नियम काय सांगतात?

अन्नसुरक्षा नियमांनुसार प्राण्याचा कोणताही अंश असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो. दूध आणि दुग्धजन्य पदार्थांना त्यातून सूट आहे, अंड्याला नाही. त्यामुळे सूएट टाळून लोणी वापरले, पण झाकणावर चमक यावी म्हणून फेटलेले अंडे लावले, तरी त्या पायला हिरवे चिन्ह लावता येत नाही. पाकिटावर शाकाहारासाठी चौकोनात हिरवे वर्तुळ आणि मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण, अशी चिन्हे २०२० च्या नियमावलीत आहेत. गहू, दूध, अंडी, सुकामेवा यांसारख्या ॲलर्जी निर्माण करू शकणाऱ्या घटकांचा उल्लेखही आवश्यक आहे. सोनेरी रंग टिकावा म्हणून बेदाण्यांना गंधकाची धुरी देतात. ठरावीक मर्यादेच्या वर उतरणारे सल्फाइटही याच यादीत येते. घरातून केक किंवा पाय विकणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करावी लागते.

भाजल्यावर दारू उडून जाते का?

पूर्णपणे नाही. अमेरिकी कृषी विभागाच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळलेले मद्य अर्धा तास शिजवल्यानंतरही सुमारे ३५ टक्के शिल्लक राहते. मिन्स पाय तर २०-२५ मिनिटेच भाजतात. प्रमाण अल्प असले, तरी लहान मुले, गर्भवती आणि धर्माने किंवा निश्चयाने मद्य वर्ज्य असणाऱ्यांना ते आधी सांगायला हवे. शिवाय महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवान्याची तरतूद आहे. संत्र्याचा रस हा सोपा पर्याय. मात्र मद्य हे सारण टिकवण्याचेही काम करते. त्यामुळे रसातले सारण महिनोन् महिने मुरवत ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावे.

लोणावळ्याशी या पदार्थाचा संबंध काय?

मिन्स पाय ही लोणावळ्याची जुनी ओळख आहे, असे म्हणता येणार नाही. पण तो जिथून आला, त्या जगाशी या घाटाचा जवळचा संबंध आहे. बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पूर्ण झाले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांचे १८५९ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. रेल्वेबरोबर लोणावळा-खंडाळ्यात इंग्रज आणि अँग्लो-इंडियन कर्मचारी आले, पाठोपाठ चर्च आणि मिशनरी संस्था आल्या. १९४५ मध्ये लोणावळ्यात नौदलाची ‘शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली. नाताळ इथे आयात केलेला ‘इव्हेंट’ नाही. तो या गावात पिढ्यान् पिढ्या साजरा होतो.

इथल्या सामानात तो होऊ शकतो का?

उत्तम होतो. बेदाणे सांगली-तासगाव किंवा नाशिकचे, संत्री नागपूरची. ब्राऊन शुगरऐवजी किसलेला गूळ चालतो. बेकरीत मिळणारी लाल ‘चेरी’ बहुतेक वेळा पाकवलेले करवंदच असते, आणि करवंदाच्या जाळ्या मावळच्या डोंगरांना नव्या नाहीत. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. ती चालते, पण गोडी वाढत असल्याने बेताने घालावी.

सारणासाठी २५० ग्रॅम बेदाणे व काळ्या मनुका, एक किसलेले आंबटसर सफरचंद, ७५ ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम लोणी, एका संत्र्याचा रस व किसलेली साल, दालचिनी, लवंग आणि जायफळ मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे शिजवून पूर्ण गार करावे. सूएटची जागा इथे लोणी घेते. चव थोडी सौम्य होते, उणी नाही.

खरी कसोटी पारीची. करंजीच्या पिठाला आपण कडकडीत मोहन घालतो. इथे उलट करायचे. २२५ ग्रॅम मैद्यात ११० ग्रॅम फ्रिजमधले घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी रवाळ होईपर्यंत चोळायचे आणि दोन-तीन चमचे बर्फाच्या पाण्याने गोळा जमवायचा. मळायचे नाही. दोन्ही पद्धतींचा हेतू एकच : पिठाच्या कणांवर स्निग्धाचे आवरण चढवून चिवटपणा येऊ न देणे. लोणी हातात वितळले की पारी तेलकट आणि कडक होते. लोणावळ्याची डिसेंबरातील गार सकाळ म्हणूनच या कामाला फायद्याची. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून लाटावा, साच्यात बसवावा आणि दोन-तृतीयांशच सारण भरावे, नाहीतर ते उकळून बाहेर येते. झाकणाला वाफेसाठी चीर द्यावी, अंड्याऐवजी दूध लावावे आणि २०० अंश सेल्सिअसला २० ते २५ मिनिटे भाजावे. एवढ्यात साधारण बारा पाय होतात. थोडे सारण उरेल.

ओव्हनमधून काढल्यावर सारण बराच वेळ चटका देण्याइतके गरम असते. मुलांच्या हाती देण्यापूर्वी किमान दहा मिनिटे थांबावे.

क्रॉमवेलने घातलेली बंदी अजून कायम आहे का?

दर नाताळात समाजमाध्यमांवर फिरणारी ही गोष्ट खोटी आहे. १६४७ मध्ये प्युरिटन वर्चस्वाखालील इंग्लंडच्या संसदेने नाताळचा सणच रद्द केला होता. मिन्स पायवर स्वतंत्र बंदी असा कायदा नव्हता. १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर त्या काळातील हुकूम रद्दबातल ठरले.

ग्राहकाने आणि विक्रेत्याने काय करावे?

ग्राहकाने ‘मांस आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. चरबी कोणती, अंडे आहे का आणि मद्य आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. विक्रेत्याने ते विचारले जाण्याची वाट न पाहता उत्तरे खोक्यावर किंवा मेन्यूत लिहावीत. लोणी, दूध आणि संत्र्याचा रस वापरलेला पाय निःसंकोच शाकाहारी म्हणता येतो. विकत आणलेल्या बरणीतल्या सारणाचा पाय लेबल वाचल्याशिवाय तसा म्हणता येत नाही.